शेजारचं गणित

नमस्कार, श्रोतेहो.

रात्रीचे सव्वादहा वाजलेले असतात. मोबाईलवर वहीच्या पानाचा फोटो येतो आणि खाली एक ओळ: ‘मॅडम, उद्या वही तपासायला द्यायची आहे, पूर्ण सोडवून पाठवा ना.’ ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या कुणालाही हा निरोप ओळखीचा वाटेल. मी दहावीचं बीजगणित शिकवते आणि सुरुवातीला मी खरोखरच सोडवून पाठवत असे. मूल रडकुंडीला आलेलं असतं, आईवडिलांनी फी भरलेली असते, तास संपल्यावर ते ॲपवर किती तारे देतात याचीही धास्ती असते. पाच गणितं पाठवली की सगळ्यांचं समाधान व्हायचं.

एका मुलीमुळे माझे डोळे उघडले. वर्गसमीकरणं चालू होती. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य, हे उदाहरण तिच्या वहीत सुरेख अक्षरात, शेवटपर्यंत बरोबर लिहिलेलं होतं. मी विचारलं, ‘वजा पाच एक्सची फोड वजा दोन एक्स आणि वजा तीन एक्स अशीच का केलीस? वजा एक आणि वजा चार यांचीही बेरीज वजा पाचच येते की.’ ती स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. गुणाकार सहा यायला हवा, हे तिला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? ती फोड आदल्या आठवड्यात मीच पाठवली होती. खाली शाळेतल्या बाईंची लाल शाईतली खूण आणि सही होती. पोरगी कुठे अडते हे बाईंना त्या वहीतून कळायचं, आणि तेच मी झाकून टाकलं होतं. मी त्या बाईंचीही फसवणूक केली होती. ही गोष्ट मला आजही लागते.

मग पूर्ण उत्तर दाखवूच नये का? तसं मी म्हणणार नाही. १९८५ साली जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले, तेही बीजगणितावरचेच. काही मुलांना आधी एक उदाहरण पूर्ण सोडवलेलं दिलं आणि लगेच तसंच दुसरं त्यांना सोडवायला लावलं. सगळी गणितं आपली आपणच सोडवत बसलेल्या मुलांपेक्षा ही मुलं तशी उदाहरणं लवकर आणि कमी चुका करत सोडवू लागली. यात ‘लगेच दुसरं’ हे फार महत्त्वाचं आहे.

अलीकडे तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. एका गटाला गणिताच्या सरावात कृत्रिम बुद्धिमत्तेची मोकळी मदत होती. सरावात ती मुलं ४८ टक्क्यांनी सरस ठरली. मग मदत काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा अशी मदत कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. आणखी एका गटाला उत्तराऐवजी शिक्षकांच्या सल्ल्याने आखलेले इशारे मिळत होते, त्यांचं हे नुकसान बऱ्याच अंशी टळलं.

म्हणून आता मी शेजारचं गणित सोडवते. वहीत वजा पाच आणि सहा असेल तर मी वजा सात आणि बारा घेते, ओळ न् ओळ, प्रत्येक पायरीचं कारण बोलून दाखवत. वहीतलं गणित मुलाच्याच हाती राहतं. याला वेळ लागतो, कधीकधी तारेही कमी मिळतात.

पालकांनो, तुम्हाला कळकळीची विनंती आहे. गृहपाठ अर्धा राहिला तर राहू द्या. ‘तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, पुढे अडलं’ अशी दोन ओळींची चिठ्ठी बाईंना लिहा. त्यांना ती हवीच असते.

त्या मुलीचे फोटो अजूनही येतात. परवाच्या फोटोत निम्मं पान खाडाखोडीचं होतं. एका ओळीखाली पेन्सिलीची जाड रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘मॅडम, इथपर्यंत माझं आहे. कंसाबाहेर वजा तीन काढल्यावर आतलं चिन्ह का बदलतं?’