टाळ वाजायचे तर टोपी बसली पाहिजे

आषाढीची बालदिंडी होती. तीस मुलं, कपाळाला बुक्का, आणि डोक्यावर मी आदल्या रात्री जागून केलेल्या कागदी टोप्या. दिंडी फाटकाबाहेर पडली आणि माझ्या लक्षात आलं की टाळ वाजतच नाहीयेत. प्रत्येक पोराचा एक हात टोपीवर होता. टोपी सावरणारं मूल टाळ वाजवणार कसं? तेव्हापासून मी कागदाच्या आधी सुतळी हातात घेते आणि डोकं मोजते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 50 ते 52 सेंमी भरतो. वर्तमानपत्राचं दुहेरी पान मधल्या घडीवर मिटून ती घडी वर धरली, तर रुंदी होते जवळपास 55. म्हणजे टोपीचा घेर 110. ती डोळ्यांवर उतरणारच! म्हणून कागद लहान घ्यावा असं वाटतं. मी मात्र मोठाच घेते, कारण जास्तीचा कागद आत मुडपला की टोपीला ताठपणा येतो.

आता माझ्याबरोबर करा. वरचे दोन्ही कोपरे मध्यावर आणा. त्रिकोण होतो आणि खाली सहा-एक सेंमीची पट्टी उरते. वरच्या थराची पट्टी उचलून त्रिकोणावर दुमडा. टोपी पालथी करा. दोन्ही बाजू 14-14 सेंमी आत घ्या, म्हणजे रुंदी 27 राहील. घेराच्या निम्म्यात एखादा सेंटिमीटर मिळवायचा, एवढाच हिशेब. मग उरलेली पट्टी वर दुमडा, तिच्याखाली दोन्ही बाजू अडकतात. शेवटी शेंडा खाली आणून त्याच पट्टीत खोचा आणि तळातून टोपी उघडा. वारकऱ्याची टोपी तयार! डिंक नाही, स्टेपलरची पिन नाही. पिन केसांत अडकून रडणारं मूल मी पाहिलंय, म्हणून हे आग्रहानं सांगते.

पट्टीच्या घडीवर नख नीट फिरवा. वर्तमानपत्र वरून खाली फाडून पाहा, सरळ फाटतं. आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. कागदातले तंतू उभे असतात. आपली पट्टीची घडी त्या तंतूंच्याच दिशेनं जाते, म्हणून ती धारदार बसते.

छापखान्यातले यंत्रकामगार पूर्वी अशाच घड्यांची चौकोनी टोपी करायचे. केसांत शाई जाऊ नये म्हणून, समोरच्याच कागदाची! शेंडा खोचेपर्यंत आपली कृती जवळपास तीच. जपानात 5 मे हा मुलांचा दिवस. तिथे वर्तमानपत्राचा चौरस कापून 'काबुतो', म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, घडतात आणि मुलं ते डोक्यावर घालून हिंडतात. मावळ्यांच्या नाटुकल्यात हे शिरस्त्राण चालवू नका, मुलांना वेगळेपण कळतं.

वर्तमानपत्र तालमीपुरतंच ठेवा. घामानं शाई कपाळाला लागते. कार्यक्रमाला त्याच मापाचा पातळ पांढरा कागद घ्या, शिपायाच्या टोपीला वह्यांना घालतो तो खाकी. कार्डशीट नको, जाड कागद घडीवर तडकतो.

चला, शेजारणीचं डोकं मोजा. भुवयांच्या जरा वर, कानांच्या वरून सुतळी फिरवा. ओढू नका, नुसती टेकू द्या.