अरेतुरेचा इतिहास

लंडनमध्ये प्लेग होता, म्हणून इंग्रज दरबारी आणि दर्यावर्दी सर वॉल्टर रॅलीवरचा राजद्रोहाचा खटला विंचेस्टरला चालला. तारीख १७ नोव्हेंबर १६०३. सरकारी वकील एडवर्ड कोक असा तापला, की भर न्यायालयात रॅलीला अरेतुरे करू लागला. वर बजावलंही, मी तुला ‘तू’च म्हणणार, गद्दारा! रॅली म्हणाला, सभ्य माणसाला हे शोभत नाही. पण तुम्हाला एवढंच जमतंय, यातच माझं समाधान आहे.

तेव्हाच्या इंग्रजीत ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. देवाला दाऊ, नोकराला दाऊ. मानाच्या माणसाला यू. नियम एवढाच. पण दाऊ नेमकं कधी झोंबायचं, हे कळतं खटल्यांच्या नोंदींतून आणि घरगुती पत्रांतून. मला विचाराल, तर जुनी बोली कवितेपेक्षा भांडणात जास्त खरी सापडते.

पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथानं हा झोंबणारा शब्दच तत्त्व म्हणून उचलला. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याचा सवाल सरळ होता: देवाला एकवचन चालतं, मग न्यायाधीशाला बहुवचन कशाला? समोर कुणीही असो, टोपी काढायची नाही आणि दाऊच म्हणायचं. या हट्टापायी क्वेकरांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. तरुण थॉमस एलवुडनं घरात वडिलांनाच दाऊ म्हटलं, तेव्हा ते कडाडले, पुन्हा ऐकलं तर दात घशात घालीन!

शेवटी रोजच्या प्रमाण इंग्रजीतून दाऊ गेलाच. क्वेकरांना राजालाही ‘तू’ म्हणायचं होतं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी कुत्र्यालासुद्धा ‘तुम्ही’ करून टाकलं.

फ्रान्समध्ये १७९३ साली क्रांतिकारकांनी ‘तू’चा आग्रह धरला. त्यांचा नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडल्यावर तो ओसरला.

स्वीडनची तऱ्हा आणखी निराळी. तिथं समोरच्यालाही हुद्द्यानंच बोलायचं, म्हणजे ‘संचालकसाहेब कॉफी घेणार का?’ हुद्दा ठाऊक नसला की पंचाईत. मग लोक कर्ताच गाळायचे: कॉफी घ्यायची का? १९६७ मध्ये सरकारी आरोग्य मंडळाचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी जाहीर केलं, की आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे तू म्हणणार. खरं तर हे वारं आधीपासूनच वाहत होतं. श्रेय मात्र साहेबांच्या नावावर जमा झालं.