गॅप ठेवला की झालं? बीपीची गोळी, पेनकिलर आणि गजकर्णाची कॅप्सूल

नमस्कार मंडळी. मेडिकलच्या काउंटरवर रोज कोण ना कोण विचारतंच, "ह्या दोन गोळ्या एकत्र चालतात काय? नाहीतर मध्ये दोन तासांचा गॅप ठेवतो की." म्हणजे आपल्या लोकांनी ठरवूनच टाकलंय, गॅप ठेवला की गोळ्यांचं भांडण मिटलं. काही गोळ्यांचं मिटतं, खरंय. पण बऱ्याच गोळ्यांचं मिटत नाही, आणि नेमक्या त्याच आपल्याकडं घरोघरी आहेत.

गॅप चालतो ते आधी पटकन सांगतो. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम, किंवा रक्तवाढीची लोहाची गोळी. कॅल्शियम नि लोह पोटातच थायरॉईडच्या औषधाला धरून बसतात, ते रक्तात नीट जातच नाही. भांडण पोटात आहे, म्हणून चार तासांचं अंतर ठेवलं की काम झालं. सकाळी उपाशीपोटी थायरॉईड, दुपारी जेवल्यावर कॅल्शियम. विषय संपला.

आता हे बघा. (दोन स्ट्रिप्स कॅमेऱ्यासमोर)

ही बीपीची. टेल्मिसार्टन ४० मिलीग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायझाईड १२.५. ब्रँडच्या नावापुढं 'एच' असतो ना, तो बहुतेक वेळा ह्याच दुसऱ्या औषधाचा, हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. म्हणजे तुम्ही म्हणता बीपीची एकच गोळी, पण आत औषधं दोन. आणि ही गुडघ्याची, असेक्लोफेनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५. ह्याला लोक सरळ "पॅरासिटामॉलच हाय की" म्हणतात. नाही हो, पहिलं नाव वाचा, मी पुढं पेनकिलर म्हणतो ते असेक्लोफेनॅक.

आपल्याकडं गंमत काय होते, निपाणी-चिक्कोडीकडचा माणूस बीपीला गावात नाहीतर बेळगावात दाखवतो, आणि गुडघा धरला की पाहुणे सांगतात मिरजेला जा, कोल्हापूरला जा. दोन राज्यं, दोन फाईली, आणि हिकडची फाईल तिकडं कोण नेत नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, गोळ्या पण बरोबर, फक्त त्या दोन्ही एकाच माणसाच्या पोटात जायलेत हे दोघांनाही माहीत नाही.

किडनीत काय होतं बघा. भाताच्या वाफ्यात एका बाजूनं पाणी येतं, दुसऱ्या बाजूनं जातं, मध्ये पाणी उभं राहतं ते ह्या दोन तोंडांमुळं. किडनीच्या गाळणीला पण तशी एक आत येणारी रक्तवाहिनी नि एक बाहेर जाणारी, आणि मधल्या प्रेशरवर रक्त गाळलं जातं. टेल्मिसार्टन बाहेरचं तोंड सैल करतं. लघवीचं औषध एकूण पाणीच कमी करतं. पेनकिलर आत येणारं तोंड आवळतं, कारण ते उघडं ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन शरीरानं बनवायचं असतं आणि पेनकिलर तेच बनू देत नाही. तिन्ही एकदम झाली की गाळणीत प्रेशरच उरत नाही. डॉक्टर ह्याला 'ट्रिपल व्हॅमी', म्हणजे तिहेरी फटका म्हणतात.

आणि इथं गॅपचा काय उपयोग? टेल्मिसार्टन चोवीस तास काम करायलाच बनवलंय, तुम्ही पेनकिलर सकाळी घ्या नाहीतर रात्री, किडनीत दोघं भेटणारच.

एक-दोन गोळ्यांनी धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, उगाच घाबरवत नाही. पण वय साठच्या पुढं, शुगर, किडनी आधीच थोडी कमजोर, आणि त्यात जुलाब-उलटी किंवा पाणी कमी, तर अवघड. पायी वारीला जाणारी आपली म्हातारी माणसं डोळ्यासमोर आणा, दिवसभर घाम, लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमीच प्यायचं, आणि गुडघ्याला रोज दोन गोळ्या. शिवाय पेनकिलरनं बीपी पण वाढतं, मग बीपीचा डोस वाढतो, मूळ कारण तसंच राहतं. लघवी कमी झाली, पाय सुजले तर त्याच दिवशी दवाखाना. बऱ्याचदा काहीच दिसत नाही, म्हणून किडनीचं काम कळायला रक्ताची क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची टेस्ट.

दुसरं भांडण लिव्हरमधलं, आणि ते पावसाळ्यातलं. खानापूरकडं चिखलात लावणी करून जांघेत गजकर्ण होतं, ती बुरशीच, आणि तिच्यावर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल चालू होते. हे औषध लिव्हरमधल्या ज्या एन्झाईमला बंद पाडतं, तेच कोलेस्टेरॉलच्या अटोर्वास्टॅटिनला मोडत असतं. मग अटोर्वास्टॅटिन रक्तात साठतं आणि मांड्या-पिंढऱ्या दुखायला लागतात, वाटतं लावणीनंच दुखतंय! लघवी चहासारखी काळपट झाली तर थांबू नका, तडक जा. बुरशीचंच दुसरं औषध फ्लुकोनॅझोल, त्याचं तसंच शुगरच्या ग्लिमेपिराइडशी, शुगर खाली येते, घाम नि थरथर. ही दोन्ही बुरशीची औषधं बंद केल्यावरही काही दिवस शरीरात राहतात, तासांच्या गॅपनं काय होणार त्यांना.

आणि हे ऐकून बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, प्लीज. डॉक्टरना काय विचारायचं तर एवढंच, "मला अमुक गोळी चालू आहे, दुसरं काही देता येईल काय?" बऱ्याचदा येतं. गुडघ्याला नुसतं पॅरासिटामॉल किंवा लावायचं जेल, बुरशीला टर्बिनाफिन, किंवा तेवढे दिवस अटोर्वास्टॅटिन थांबवतात, पण ते ठरवणार डॉक्टर.

आता अडचण अशी, की आम्ही मेडिकलवाले चार गोळ्या कापून देतो आणि नाव छापलेला तुकडा आमच्याकडंच राहतो. तुमच्या हातात नुसती चांदी. तेव्हा बिल मागून घ्या, त्यावर नाव असतं, नाहीतर कापायच्या आधी अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढा मोबाईलवर. आणि बेळगावचं बिल मिरजेत दाखवलं तर कोण काही म्हणत नाही.