कोंबडीने फोडलेलं पातं आणि हायब्रिड कंपोझिट

स्क्रीनवर दिसतंय ते जेट इंजिनाच्या फॅनचं पातं, विमानासमोर पक्षी आला की पहिला दणका यालाच. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनासाठी ही पाती चक्क कार्बन फायबरच्या कंपोझिटची करायला घेतली, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिन नावाच्या चिकट प्लास्टिकने एकमेकांना जोडलेले, मटेरियलचं नाव हायफिल. वजन कमी, ताकद भरपूर, सगळे खूश. मग १९७० मध्ये पक्ष्याची टेस्ट झाली, म्हणजे मेलेली कोंबडी तोफेतून फॅनवर मारायची, हो खरंच अशीच करतात, आणि पात्याचे तुकडे तुकडे. शेवटी टायटॅनियमची पाती बसवली, खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. अर्थात ते काही एकट्या कोंबडीमुळे नाही, पण बिचारीचं नाव झालं ते झालंच.

मग कार्बन फायबर कमजोर का? अजिबात नाही. पण तो जेमतेम दीड-दोन टक्के ताणला जातो आणि मग फटकन तुटतो. काचेचा धागा चार टक्क्यांच्याही पुढे जातो, आणि केव्हलार, बुलेटप्रूफ जॅकेटवाला, तो तुटताना पिंजत जातो आणि तेवढ्यात बरीच एनर्जी खातो. म्हणून हे धागे एकत्र वापरायचे, कधी एक थर याचा एक थर त्याचा, कधी एकाच कापडात दोन्ही विणलेले. हेच हायब्रिड.

पण नुसतं मिसळून भागत नाही, कुठला थर कुठे ठेवला यावर सगळा खेळ आहे आणि माझ्या मते लोक इथेच घाई करतात. वरून दणका बसला की पट्टी वाकते आणि खालची बाजू ताणली जाते, म्हणून जास्त ताणले जाणारे धागे बाहेरच्या थरांना आणि कार्बन आत, हा नेहमीचा उपाय. त्यात कडकपणा थोडा जातो. केव्हलारचं तर दुखणं वेगळंच, दाब सहन होत नाही, पाणी पितो, आणि कापायला घेतला की कात्री रडवतो.

आणि खरी भीती तुटण्याची नाहीच. साधा पाना हातातून पडला तर वर बारीकसा खळगा दिसतो, पुसून पुढे जाल, पण आत थर खारी बिस्किटासारखे सुटलेले असतात. यालाच डिलॅमिनेशन म्हणतात. मग दाब आला की सुटलेला प्रत्येक थर एकटा वाकतो आणि भाग अचानक बसतो. म्हणून लॅबमध्ये आधी वजन पाडतात, अल्ट्रासाउंडने आत बघतात, आणि मग तोच तुकडा दाबून बघतात.

थर सुटू नयेत म्हणून शेजारच्या थरांच्या दिशा एकदम नव्वद अंशांनी न बदलता हळूहळू बदलतात, किंवा रेझिनमध्ये रबराचे नाहीतर थर्मोप्लास्टिकचे बारीक कण घालतात, भेग पुढे सरकताना त्यात अडखळते. १९९५ मध्ये बोइंग ७७७ वर आलेल्या जीई९० इंजिनाची पाती पुन्हा कार्बनचीच होती, फक्त रेझिन असं चिवट केलेलं आणि पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी. २०१६ पासून उडणाऱ्या लीप इंजिनात तर धागे जाडीतूनही विणलेत, थर सुटायला थरच नाहीत. त्यात धागे वेडेवाकडे जातात म्हणून सरळ ताण घ्यायची ताकद थोडी घटते, ते डिझाईन करतानाच धरून चालावं लागतं, आणि कडेची टायटॅनियम पट्टी काढायची हिंमत तिथेही कुणी केलेली नाही.