मूठ आवळा, कोपर वाकेल

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) असलेल्या वक्त्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले की या बाई लुळे पडलेले हात हलवतात. तसं काही नाही हो. नर्व्ह जोडतो सर्जन आणि हात हलवतो तो पेशंट. या दोघांच्या मधे जे कित्येक महिने असतात, तेवढ्यात रोज "मॅडम, अजून काही नाही" हे ऐकून घ्यायचं, हे माझं काम. आज मी त्या महिन्यांबद्दलच बोलणार आहे. ऑपरेशनबद्दल सगळे विचारतात, त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही.

आधी इजा काय असते ते सांगते. मानेच्या मणक्यांतून प्रत्येक बाजूला पाच नर्व्ह हाताकडे निघतात. सी-5 ते सी-8 या चार आणि पाठीच्या पहिल्या मणक्याची टी-1. कॉलर बोनच्या मागून काखेत उतरताना त्या एकमेकींत गुंतत, पुन्हा सुटत जातात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताची जवळपास सगळी हालचाल आणि सगळा स्पर्श यातून जातो. आता मोटरसायकलवरून माणूस फेकला जातो तेव्हा काय होतं? खांदा रस्त्यावर आपटून खाली दाबला जातो आणि डोकं उलट्या बाजूला जातं. मधल्या नर्व्ह ताणल्या जातात. काही नुसत्या ताणतात आणि आपोआप सुधारतात, काही तुटतात, आणि काही तर मज्जारज्जूतून मुळासकट उपटून येतात. उपटलेलं मूळ परत लावता येत नाही. शिवायला त्या बाजूला टोकच उरलेलं नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहरात नाराकास नावाचे सर्जन होते. शेकडो पेशंट पाहून त्यांनी एक गमतीशीर नियम मांडला, सात सत्तरांचा. अशा इजांपैकी साधारण 70 टक्के रस्ते अपघातातल्या, त्यातल्या 70 टक्के दुचाकीवरच्या, असं करत ते सातव्या सत्तरापर्यंत जातात. सातवं सत्तर दुखण्याचं आहे, त्याच्याकडे नंतर येते. आपल्या भागात ऊस हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, हे इथे कुणाला सांगायला नको. येणारी मुलं विशीतली, पंचविशीतली. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचलेलीही त्यात असतात. हेल्मेट डोकं सांभाळतं, मान आणि खांद्यामधलं अंतर त्याच्या हातात नसतं. (हे ऐकून उद्यापासून हेल्मेट काढून ठेवू नका, नाहीतर आयोजक मला पुन्हा बोलवणार नाहीत.)

सगळ्यांत जास्त उदाहरणं मी सी-5 आणि सी-6 गेलेल्यांची देणार आहे, कारण नर्व्ह ट्रान्स्फरची, म्हणजे चालू नर्व्हचा भाग बंद पडलेल्या नर्व्हला जोडण्याची, खरी करामत तिथे दिसते. या मुलांची बोटं चालतात, मूठ वळते. पण खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. म्हणजे चपातीचा तुकडा मोडता येतो, भाजीत बुडवता येतो, पण घास तोंडापर्यंत जात नाही. काही जण मग तोंड ताटाकडे नेतात. घरच्यांना ते बघवत नाही, म्हणून आई भरवायला लागते. चोवीस वर्षांच्या मुलाला आई भरवते तेव्हा दोघांचीही नजर कुठे असते, ते मी पाहिलेलं आहे.

आता एक हिशेब करू. तुटलेली नर्व्ह वाढते, पण रोज साधारण 1 मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंत अंतर धरा 70 सेंटिमीटर, म्हणजे 700 मिलिमीटर. झाले जवळपास दोन वर्षं. पण नर्व्हचा निरोप मिळत नसलेला स्नायू तोवर थांबत नाही. तो वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नर्व्ह पोचली तरी तिचं ऐकायला तिथे फारसं काही उरत नाही. आमच्या क्षेत्रातली सगळी घाई या एका शर्यतीची आहे.

नर्व्ह ट्रान्स्फरमध्ये सर्जन ही शर्यत लांबूनच सोडून देतो. गळ्यातली तुटकी मुळं शोधत बसण्याऐवजी तो वाळत चाललेल्या स्नायूच्या अगदी जवळ जातो. शेजारी कुठली नर्व्ह जिवंत आहे, तिच्यातला कुठला भाग काढला तर फारसं अडणार नाही, हे पाहतो आणि तो भाग या बंद पडलेल्या नर्व्हला जोडतो. शेतकरी मंडळी बसली आहेत म्हणून सांगते, वरचा पाट फुटलाय तर शेजारच्या वाफ्याचं थोडं पाणी बारं फोडून इकडे वळवायचं, तसा हा प्रकार.

यातलं सर्वांत प्रसिद्ध ऑपरेशन पॅरिसच्या क्रिस्तॉफ ओबेर्लँ यांचं. 1994 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यात फक्त चार पेशंट होते. करंगळीकडे जाणारी अल्नार नर्व्ह दंडातून खाली जाते. तिच्यात बारीक तंतूंचे अनेक जुडगे असतात. सर्जन विजेचा अगदी हलका झटका देऊन एकेक जुडगा तपासतो आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवणारा एक जुडगा निवडतो. तेवढाच कापून बायसेप्सच्या, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूच्या, नर्व्हला मायक्रोस्कोपखाली शिवतो. टाक्याचा दोरा केसापेक्षा बारीक असतो. बाकीची अल्नार नर्व्ह जशीच्या तशी राहते, त्यामुळे मूठ शाबूत राहते. खांद्यासाठीही अशा उसनवाऱ्या आहेत. खांदे उडवणारी स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह खांद्याच्या सुप्रास्कॅप्युलर नर्व्हला जोडतात. थायलंडच्या लीचावेंगवोंग यांनी 2003 साली कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूच्या नर्व्हची एक फांदी खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या नर्व्हला जोडण्याची पद्धत मांडली, तीही आता सर्रास वापरतात. आणि पाचही मुळं गेली असतील, म्हणजे हातात उसनं घ्यायला काहीच नसेल, तर बरगड्यांमधल्या श्वासाच्या नर्व्ह आणून बायसेप्सला जोडतात. शांघायच्या गू युडोंग यांनी तर 1986 साली दुसऱ्या, चांगल्या हाताकडची सी-7 आणून जोडली.

ऑपरेशन झालं. साधारण तीन आठवडे हात बांधून ठेवलेला असतो. मग पेशंट माझ्याकडे येतो आणि मी त्याला सांगते, "मूठ आवळा आणि मनगट करंगळीकडे वाकवा." तो म्हणतो, "मॅडम, ते तर आधीपासून होतंय. मला कोपर वाकवायचंय." आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. बायसेप्सला आता जी नर्व्ह जोडली आहे, ती मेंदूच्या दृष्टीने अजून मनगटाचीच नर्व्ह आहे. मेंदूला ऑपरेशनची काही खबर नाही. तुम्ही मनात "कोपर वाक" म्हणालात तर तो आदेश जुन्या, तुटलेल्या वाटेने जाणार आणि कुठेच पोचणार नाही. म्हणून सुरुवातीला कोपर वाकवायचा प्रयत्न करायचाच नाही. उसनी नर्व्ह ज्याची आहे, त्याची हालचाल करायची, आणि तीच करताना डोळ्यांनी कोपराकडे बघायचं. खांद्यासाठी ॲक्सेसरी नर्व्ह वापरली असेल तर खांदे उडवा. ट्रायसेप्सची फांदी वापरली असेल तर कोपर सरळ ताणत हात बाजूला न्यायचा प्रयत्न करा.

श्वासाच्या नर्व्ह जोडलेल्यांना मी खोल श्वास घ्यायला लावते. काही महिन्यांनी त्यांना खोकला आला, शिंक आली की कोपर आपोआप वाकतं. लग्नाच्या पंगतीत ठसका लागला आणि हात उडाला म्हणून एक जण फार वरमला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, ही आनंदाची बातमी आहे, नर्व्ह पोचली. सुरुवातीला श्वास धरल्याशिवाय कोपर वाकत नाही, पण सराव करत गेलं की हळूहळू ती गाठ सुटते आणि माणूस बोलता बोलता, श्वास सोडता सोडताही कोपर वाकवायला लागतो. छातीच्या आदेशाचं काम मेंदूत हाताच्या हद्दीत सरकतं. मोठ्या माणसाचा मेंदूही हे शिकतो. मात्र तो सरावाने शिकतो, मशीन लावून पडून राहिल्याने नाही.

पहिली हालचाल दिसते कशी? दिसत नाही, हाताला लागते. पेशंटला बसवते, हात टेबलावर खांद्याच्या उंचीला आडवा ठेवते, म्हणजे कोपर वाकवताना वजन उचलावं लागत नाही. हाताखाली गुळगुळीत पाट आणि त्यावर टाल्कम पावडर, घर्षण नको म्हणून. माझी दोन बोटं बायसेप्सवर. "आवळा मूठ." काही नाही. "सोडा. परत आवळा." ओबेर्लँच्या पद्धतीत जोडणी स्नायूच्या जवळ असते, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत एखाद्या दिवशी बोटांखाली काहीतरी किंचित टणक होतं आणि लगेच सैल पडतं. बाहेरून बघणाऱ्या वडिलांना काहीही कळत नाही, त्यांना वाटतं मी धीर द्यायला खोटं बोलतेय. मग त्यांचीच बोटं तिथे ठेवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी केलेली 0 ते 5 अशी ताकदीची मोजपट्टी आम्ही अजून वापरतो. त्यात हा झाला 1. पाटावर हात सरकला की 2. वजनाविरुद्ध कोपर वर आलं की 3, आणि 3 म्हणजे घास तोंडापर्यंत. मग पुढे थोडं वजन पेललं की 4.

सी-5, सी-6 पुरती इजा असेल आणि वेळेत ऑपरेशन झालं असेल तर बहुतेक जण कोपराच्या बाबतीत 3 च्या पुढे जातात. पाचही मुळं गेलेल्यांना मी तसं सांगत नाही. त्यांना खांदा थोडा स्थिर आणि कोपर वाकणं, एवढं मिळालं तरी पुष्कळ. बोटांची बारीक कामं सहसा परत येत नाहीत. हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. कडू वाटतं, पण दोन वर्षं खोट्या आशेवर नोकरी न शोधता काढलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता राग येईल असं थोडं बोलते. "वेळेत" म्हणजे कधी? इजा झाल्यापासून तीन ते सहा महिन्यांत. पहिले तीन-चार आठवडे ईएमजी, एनसीव्ही (स्नायू आणि नर्व्हच्या विजेच्या तपासण्या) नीट सांगत नाही, कारण तुटलेली नर्व्ह खालच्या भागात मरायलाही वेळ लागतो. त्यानंतर तपासणी करायची, एमआरआयमध्ये मुळं उपटली आहेत का बघायचं, तीन महिने आपोआप काही येतंय का वाट बघायची, आणि नाही आलं तर प्लेक्ससचं काम करणाऱ्या सर्जनकडे जायचं. प्रत्यक्षात काय होतं? मांडीचं हाड मोडलेलं असतं, त्याचं ऑपरेशन होतं, सगळ्यांचं लक्ष पायाकडे. हाताबद्दल "नस दबलीय, येईल हळूहळू". मग तेल, मग शेक, मग कुणीतरी गावाचं नाव सांगतं तिथे जाऊन पट्टी. वर्ष होतं. माझ्याकडे वर्षाने येतात तेव्हा नर्व्ह ट्रान्स्फरची वेळ बहुधा टळलेली असते. मग मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू काढून हातात बसवण्यासारखे मोठे उपाय उरतात. तेलाने अपाय होत नाही, तेलात महिने जातात याने होतो.

आणि नाराकासांचं सातवं सत्तर. मुळं उपटली की ज्या हाताला स्पर्श कळत नाही, तोच हात आतून जळतो, चिरडल्यासारखा दुखतो, मधेच विजेसारखी कळ येते. घरच्यांना वाटतं पोरगं नाटक करतंय, हात तर मेलाय. नाटक नाही. मज्जारज्जूतल्या निरोप तुटलेल्या पेशी स्वतःच ओरडत असतात. साध्या दुखण्याच्या गोळीने ते थांबत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात, आणि ती डॉक्टरांकडूनच घ्यायची. कामात गुंतला की कमी होतं, रात्री वाढतं, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो.

प्रश्न घेऊ या.

हो, करंटबद्दल. बंद पडलेल्या स्नायूला करंट देऊन तो टिकतो का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मी देते कधी कधी. पण अर्ध्या तासाचा करंट घेऊन घरी मूठ आवळायची नाही, असा सौदा मला मान्य नाही. घरी रोज करायचं ते असं: दुसऱ्या हाताने किंवा कुणाच्या मदतीने खांदा, कोपर, बोटं पूर्ण फिरवायची, म्हणजे सांधे आखडणार नाहीत. उभं असताना हात पाऊचमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या झोळीत, नाहीतर खांदा खाली ओघळतो. आणि उसन्या नर्व्हची हालचाल, थोडी थोडी, दिवसातून बऱ्याच वेळा. आणि हो, त्या हाताला चटका कळत नाही. गरम चहा, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर सांभाळा.

मागच्या ताईंचा प्रश्न, बाळंतपणात खांदा अडकल्यामुळे बाळाचा हात पडला असेल तर? इजा तिथेही याच नर्व्हची. पुष्कळ बाळांत ती आपोआप सुधारते. पण तीन महिन्यांचं होईपर्यंत बाळ कोपर वाकवायला लागलं नाही, तर चौथ्या महिन्याची वाट बघू नका, तज्ज्ञाला दाखवा. तोवर अंघोळ घालताना हात हळुवार फिरवत राहा, काखेत हात घालून बाळाला उचलू नका. बाळ किती दिवसांचं आहे? चाळीस? मग वेळ आहे. कार्यक्रम संपल्यावर थांबा, मी बघते.