बेडक्याचा प्रवास

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात सातपुड्याच्या उतारांवर पाडे विखुरलेले आहेत आणि नर्मदाकाठच्या काही वस्त्यांना आजही होडीचाच आधार आहे. अशा भागात, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणाऱ्या माणसाला क्षयाच्या तपासणीसाठी डोंगर उतरायला लावण्यापेक्षा त्याचा बेडका प्रयोगशाळेपर्यंत नेणे सोपे जाते.

मात्र तो बेडकाच असावा लागतो. डबी हातात देऊन नुसते ‘थुंका’ म्हटले, तर डबीत येते ती लाळ आणि लाळेत क्षयाचे जंतू सापडतीलच असे नाही. सकाळी चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून काढायचे आणि तेही घराबाहेर मोकळ्या हवेत, हे सारे आशाताईंना पावरी किंवा भिलीत समजावून सांगावे लागते. निदानातले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम बहुधा हेच असावे.

मग झाकण घट्ट बसवून, नाव लिहून, तीन आवरणांत बंद केलेली नळी बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या डब्यातून निघते. तापमान 2 ते 8 अंशांच्या दरम्यान राहिले नाही, तर इतर जंतू माजतात आणि संवर्धन तपासणी, म्हणजे नमुन्यातले क्षयाचे जंतू वाढवून पाहणे, वाया जाऊ शकते. ही तपासणी आधीच कित्येक आठवडे घेते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते साधारण 5,000 ते 10,000 असावे लागतात. जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला त्याहून कितीतरी कमी पुरतात. सुमारे दोन तासांत ते क्षयाचे निदान करते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हेही सांगते. गोव्यातील कंपनीने विकसित केलेले तशाच प्रकारचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे जिथे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचले आहे, तिथे नमुन्याची वाट बरीच आखूड झाली आहे.

अहवालाला मात्र तीच वाट उलट चढून पाड्यावर यावे लागते. साध्या क्षयावर सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते; हे आधी सांगितले नसेल, तर घाबरलेला रुग्ण गोळ्या बंद करतो. पोषणासाठी सरकारकडून रुग्णाला एप्रिल 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 मिळतात; पण ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून खाते नसलेल्याला आधी कागदांमागे फिरावे लागते.

दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. रुग्णाच्या सरकारी नोंदणीच्या निक्षय क्रमांकावर देशात कुठेही उपचार पुढे चालू ठेवता येतात. म्हणून ट्रक सुटण्याआधीच क्षयरोग पर्यवेक्षक रुग्णाला विचारून ठेवतात: मुकादम कोण, फड कोणत्या गावाला आणि फोन कोणाचा लागेल?