तळहाताएवढी जागा

हे चित्र मागच्या रांगेपर्यंत दिसणार नाही, याची मला कल्पना आहे. सात बाय दहा सेंटीमीटर, म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षा जरासंच मोठं. पडद्यावर मोठं करून दाखवूया, असं सुचवलं गेलं होतं. मी नको म्हटलं. मोठं केलं की ब्रशचा एक फटकारा हातभर होतो, आणि मग तिथलं झाड जातं, नुसता रंग उरतो. त्यापेक्षा हे रांगेरांगेतून फिरू दे. बोट लावलंत तरी हरकत नाही. अ‍ॅक्रिलिक आहे, वाळलेलं आहे, ते तुमच्या बोटाला लागणार नाही.

आपल्या जीवाच्या, रोजच्या जागांची छोटी निसर्गचित्रं, हा आजचा विषय. ‘लघुचित्र’ हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे. तो ऐकला की पहाडी किंवा मुघल चित्रं डोळ्यांसमोर येतात. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, अकीकाच्या दगडानं घोटलेला कागद, पापणी न् पापणी मोजून घ्यावी असं काम. ती विद्या थोर आहे, पण वेगळी आहे. तिथे लहान जागेत जास्तीत जास्त कसं मावेल ते बघतात. मी बोलणार आहे ते काय काय बाहेर ठेवायचं याबद्दल.

नमनाला घडाभर तेल पुरे. माझ्या घरामागे पाण्याची टाकी होती, टाकीकडे चढणारा सिमेंटचा जिना होता आणि जिन्यावर ओणवं झालेलं एक झाड. आमचं सगळं लहानपण त्या जिन्यावर गेलं. अ‍ॅक्रिलिक हातात आल्यावर पहिलं चित्र अर्थातच त्याचं काढायला घेतलं. तीन संध्याकाळी खपले. चौदा पायऱ्या होत्या, चौदाच्या चौदा काढल्या. टाकीवरचा गंजाचा ओघळ, नळाची तोटी, कठड्याचे गज, दोरीवरचे कपडे. काही म्हणजे काही सोडलं नाही. बहिणीला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘छान आहे गं. कुठलं?’’ ती त्याच जिन्यावर माझ्या शेजारी बसून वाढलेली.

मी चिडले, अर्थात. पंधरा दिवसांनी परत बसले, या वेळी प्रत्यक्ष समोर. ऊन उतरत होतं, हातात जेमतेम वीस मिनिटं होती. टाकी म्हणजे एक गडद ठोकळा. जिना म्हणजे तिरपा, फिकट पट्टा; पायऱ्या नाहीतच. झाडासाठी चपट्या ब्रशचे चार-पाच दाब. बहीण खोलीत आली आणि लांबूनच म्हणाली, ‘‘अगं, टाकी! पाच वाजून गेलेत ना?’’ तिनं जागा ओळखली आणि वेळही ओळखली. तुमच्या हातात फिरतंय ते हेच चित्र.

यात खरी मेख अशी की परक्या जागेपेक्षा आपली जागा काढायला अवघड असते. परक्या ठिकाणी आपल्याला फक्त दिसतं. आपल्या ठिकाणी आपल्याला माहीत असतं, आणि जे माहीत आहे ते दिसणाऱ्याच्या आड येऊन उभं राहतं. पायऱ्या चौदा आहेत हे मला पाठ होतं. संध्याकाळी तिथून त्या दिसतच नाहीत, नुसता उजेडाचा पट्टा दिसतो, हे कळायला मला ते पहिलं चित्र फुकट घालवावं लागलं. जागेवर माया असली की तिच्याबद्दल सगळं सांगावंसं वाटतं. तळहाताएवढा कागद ते सांगू देत नाही. म्हणून मला हा आकार आवडतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत थॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराचं एक चित्र आहे. साधारण १७८२ मधलं, कागदावर तैलरंगात काढलेलं, ११.४ बाय १६ सेंटीमीटर. विषय काय, तर नेपल्समधली एक भिंत. पोपडे गेलेली, सामान्य. मधोमध एक छोटी बाल्कनी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे, खाली ओलाव्याचा डाग, वर निळ्याचा एक तुकडा. त्या शहरात त्या काळी येणारे चित्रकार व्हेसुव्हियसचा उद्रेक रंगवत होते, आणि हा माणूस राहत्या घराच्या आसपासच्या भिंती बघत होता. त्याचं शिक्षण मोठमोठ्या, भारदस्त निसर्गचित्रांचं झालं होतं, तशी त्यानं काढलीही. आज त्याची आठवण निघते ती या पोस्टकार्डाएवढ्या भिंतीमुळे. मी ते चित्र पहिल्यांदा छापलेलं बघितलं तेव्हा माप वाचून थक्क झाले. मला वाटलं होतं, चांगलं दोन-तीन फुटांचं असेल.

दुसरा माणूस इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल, जन्म १७७६. त्याचं ‘द हे वेन’ सगळ्यांना कॅलेंडरवरून ठाऊक असतं: नदी, गाडी, घोडे. ते सुमारे सहा फूट रुंद आहे. पण ते ठिकाण म्हणजे फ्लॅटफर्ड, जिथे त्याच्या वडिलांची गिरणी होती. तो लहानपणापासून तिथेच हिंडलेला. आपल्या जागा आपल्याला सगळ्यात चांगल्या काढता येतात, अशा अर्थाचं त्यानं १८२१ मध्ये एका मित्राला पत्रातून कळवलं होतं. मोठ्या चित्रांच्या आधी तो उघड्यावर बसून छोटी, घाईतली तैलचित्रं करायचा. रंगपेटीच्या झाकणात कागद अडकवायचा आणि मांडीवर काम. १८२१ आणि १८२२ मध्ये त्यानं लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग काढले, कितीतरी, आणि पुष्कळांच्या पाठीवर तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते लिहून ठेवलं. ही सवय मी त्याच्याकडून बिनदिक्कत उचलली आहे.

आणि १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला काही चित्रकारांनी भरवलेलं छोट्या चित्रांचं प्रदर्शन. नऊ बाय पाच इंच, बरीचशी चित्रं सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर काढलेली. एका बड्या समीक्षकानं वर्तमानपत्रातून धुलाई केली. चित्रकारांनी ते परीक्षण प्रदर्शनाच्या दारावरच ठोकलं. लोक आले.

हे सगळे तैलरंगवाले. त्यांचा रंग दिवसचे दिवस ओला. आपलं दुखणं नेमकं उलट.

पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक चित्रकारांच्या हाती आले १९५० च्या दशकात. म्हणजे हे माध्यम चित्रकलेच्या हिशेबात अगदी पोरसवदा. आत असतं काय? रंगद्रव्याची पूड, पाणी, आणि पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की ते कण एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. एकदा झाला की पाण्यानं तो परत विरघळत नाही. जलरंगात कोपरा ओला करून चूक उचलता येते, इथे येत नाही. पण त्याचा फायदाही हाच: वाळलेल्या थरावर दुसरा थर द्या, खालचा हलत नाही, चिखल होत नाही. छोट्या चित्रात पातळ थर पाच मिनिटांत वाळतो. वीस मिनिटांत तीन-चार थर होतात. मावळत्या उन्हाच्या मागे धावायला याहून सोयीचं काही मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट मात्र नवशिक्याला हमखास फसवते. ते प्लॅस्टिक ओलं असताना दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. ओल्या रंगात त्या दुधाचा पांढरेपणा मिसळलेला दिसतो, मग वाळल्यावर तो जातो आणि रंग एक घर गडद होतो. आभाळ मनासारखं जमलं म्हणून उठावं आणि परत येऊन बघावं तर ते मळकट. उपाय म्हणून थोडं उजळच ठेवायचं. पण हे एकदा कळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी अजून जाते.

कागद कोरा पांढरा ठेवू नका. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. मोठ्या कॅनव्हासवर ब्रशच्या फटीतून पांढरं डोकावलं तर चमक वाटते. सात सेंटीमीटरमध्ये तोच ठिपका खिडकीएवढा होतो. आधी पातळ बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात मारून घ्या. मग झाडाच्या हिरव्यातून ते तांबूस जागोजाग दिसत राहतं आणि न सांगता ऊन येतं. हिरवा ट्यूबमधला सरळ वापरू नका, विशेषतः थॅलो ग्रीन हा भडक हिरवा; राईएवढा घेतला तरी सगळं गिळतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा मिसळा, मंद हिरवा मिळेल, आणि खरी झाडं बहुतेक वेळा मंदच असतात. गडदसाठी काळ्याची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की पुरेसा अंधार होतो, शिवाय तो थंड की उबदार ते आपल्या हातात राहतं.

ब्रश मोठा घ्या. लहान चित्राला लहान ब्रश, हे तर्काला पटतं पण साफ चूक आहे. लहान ब्रश हातात आला की हात पायऱ्या मोजायला लागतो. अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश घ्या. त्याच्या कडेनं खांब निघतो, कोपऱ्यानं पक्षी निघतो, सपाट बाजूनं भिंत निघते. समोर बारा खिडक्या असतील तर तीन ठिपके टाका. उरलेल्या नऊ बघणारा स्वतः घालतो.

हे कुठवर न्यायचं ते ठरवायला डोळे किलकिले करा. तपशील विरतात, गडद-मध्यम-फिकट असे तीन ढीग उरतात. ते तीन ढीग जागेवर बसले तर जागा ओळखू येते, नाहीतर कितीही कोरीव काम करा. अठराव्या शतकात हौशी लोक याच कामासाठी खिशात छोटा, काळसर, बहिर्वक्र आरसा बाळगायचे. क्लोद लोरें या चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. गंमत म्हणजे तो वापरताना देखाव्याकडे पाठ करून उभं राहावं लागे! आज तेच काम मोबाइल करतो. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करा. तेवढ्यातही जागा ओळखता आली तर चित्र होईल. पण रंग फोटोवरून घेऊ नका. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो, डोळ्याला त्यांच्यात बरंच काही दिसत असतं.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण चित्रकारासाठी फार कामाची. दूरच्या डोंगरापुढे हवेचा जाड थर असतो. त्यातून विखुरलेला निळसर उजेड मध्ये येतो, म्हणून गडद भाग फिका पडतो आणि कडा मऊ होतात. डोंगर काढताना आभाळाचाच रंग थोडा मिसळा, झालं.

बाकी किरकोळ. ब्रश पाण्यात ठेवा. अ‍ॅक्रिलिकमध्ये ब्रश वाळला की मेला. रंग सुकू नयेत म्हणून डबीत ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग. चित्रं समोरासमोर एकमेकांवर रचू नका. हे प्लॅस्टिक गरमीत मऊ होतं आणि दोन चित्रं एकमेकांना धरून बसतात. माझी अशी दोन आहेत. सोडवायचा प्रयत्न केला, आता दोन्ही अर्धी अर्धी आहेत.

त्या टाकीची आजवर एकतीस चित्रं झाली. मला विचाराल तर चार बरी आहेत. एकाच जागेवर इतक्यांदा बसणं कंटाळवाणं नाही का, असं विचारतात. दहाव्यापर्यंत होतं. त्यानंतर माझं पायऱ्यांकडे लक्ष जाणं थांबलं आणि कळलं की पावसाळी दुपारी तो जिना टाकीपेक्षा गडद असतो. इतकी वर्षं मी त्याला फिकटच समजत होते.

चित्र मागच्या रांगेत पोचलं का? पोचलं. आता ते उलटं करा. पेन्सिलीनं लिहिलंय बघा, थोडं पुसट झालंय. सव्वापाच. वारा नाही. जिना फार पांढरा झालाय, उद्या खाली आणणे.

अजून आणलेला नाही.